शुद्धीतला शब्द

"माणसाच्या ताटात हात आखडायचा नाय गो मंजुळे. रांधणारीचा हात आखडला की घर बसलं म्हणून समज."

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात नवी नवरी म्हणून आलेल्या मंजुळेला सासूने, चंद्रभागाबाईंनी, स्वयंपाकघरात नेऊन सांगितलेली ही पहिली गोष्ट. मंजुळेने ती इतकी वर्षं पाळली की आपण वाढतोय की ओततोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं. तळलेल्या मांदेल्यांची परात, वाटणाचं दाट कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, वर भात. तिचा नवरा शिवराम जेवला की भिंतीला हात टेकून उठायचा आणि हसत म्हणायचा, "बोट भरली गो, आता बुडते." संध्याकाळची बाटली वेगळी. ती धाकटा भाऊ महेंद्र खालच्या मजल्यावरून घेऊन यायचा, सोबत तळलेली कोलंबी.

मग एके दिवशी शिवरामचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, लिव्हर खराब झालंय, यापुढे एक थेंब नाही, आणि अंगावरचं हे ओझंही उतरवा.

तेव्हा मंजुळेने पहिल्यांदा हात आखडला. परात गेली, लहान थाळी आली. एक नाचणीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, तव्यावर थेंबभर तेलात परतलेला बांगडा. शिवराम कुरकुरला, पण त्याने ऐकलं. पट्ट्याला आतल्या बाजूने नवी भोकं पाडावी लागली. जिना चढताना धाप लागेनाशी झाली. दिवेलागणीला तो तिच्या शेजारी बसून आरती म्हणू लागला. चुकीची, पण खणखणीत.

आणि मग वाड्यातल्या एका हळदीहून तो झिंगून घरी आला. "मी कोल्ड्रिंकच प्यायलो गं, आई एकवीरेची शपथ," तो परत परत सांगत राहिला. मंजुळेने तोंड फिरवलं. पण एकदा सुटलेला दोर पुन्हा हाती लागला नाही; बाटली परत आली. दिवाळीच्या आत शिवराम गेला.

चंद्रभागाबाईंनी छाती पिटली आणि सगळ्या वाड्यासमोर म्हणाल्या, "उपाशी मारला हिनं माज्या पोराला. भाकरी मोजून वाढायची. असल्या पांढऱ्या पायाच्या बाईच्या हातचं पाणी मी पिणार नाय."

तेराव्याला मांडवात एक गोष्ट घडली. महेंद्र पिऊन आला होता. जेवणावळ चालू असताना तो मध्येच उभा राहिला आणि रडत ओरडला, "मी मारला माझ्या भावाला! हळदीत त्याच्या कोल्ड्रिंकमध्ये मीच ओतली! म्हटलं बायकोनं घातलेला उपास सोडवतो तुझा!"

मंजुळेच्या हातातलं वाढपाचं भांडं खाली पडलं. पण बाकी कुणाचा घास थांबला नाही. दोघांनी महेंद्रला बगलेत धरून बाहेर नेलं. "सोड रे, पोटातली बोलतेय ती," कुणीतरी म्हणालं. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "भावाच्या दुःखानं डोकं फिरलंय लेकराचं." वाड्यात हा फार जुना रिवाज: पिऊन दिलेली शिवी धरायची नाही, पिऊन दिलेलं वचनही धरायचं नाही. त्याच्याशिवाय एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणं जमलंच नसतं कुणाला.

दुसऱ्या दिवशी मंजुळेने महेंद्रला विचारलं. त्याने खाली बघत म्हटलं, "प्यायलेलो वहिनी. काय बोललो ते आठवत पण नाय."

सासूबाई गाठोडं बांधून लेकीकडे दिवा गावात निघून गेल्या. तिथे टँकरची वाट बघायची, हंडे भरायचे, तेही पाणी त्यांना चाललं. मंजुळेच्या हातचं चाललं नाही. आणि म्हातारीचा शब्द वाड्यात मागे राहिला. गावदेवीच्या पालखीला ज्या घराची पाळी, ते घर नैवेद्य रांधतं. मंजुळेची पाळी आली तेव्हा नैवेद्याचं काम शेजारच्या घरी गेलं. कुणी भांडलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. पहाटे उठून तुळशीला पाणी, देवाला फूल, पाखरांना मूठभर दाणे आणि मगच तोंडात चहा, असा नेम पाळणाऱ्या बाईच्या हातचा नैवेद्य देवीला नको झाला. मंजुळा मोठ्याने बोलणारी नव्हतीच. ती फक्त रोज हात जोडताना एक वाक्य जास्तीचं म्हणू लागली: "आई, भाऊजींचं तोंड एकदा शुद्धीत उघड."

देवीने वेळ लावला, पण ऐकलं.

महेंद्रचा मासळी बाजारात बर्फ पुरवायचा धंदा. बसून हिशेब आणि उभ्याने पिणं, यात माणूस असा फुगला की टेंपोत चढताना मदतीला हमाल लागायचा. एक दिवस बाजारातच चक्कर येऊन पडला. साखर वाढलेली, लिव्हरला सूज. डॉक्टरांनी दारू सोडवायच्या गोळ्या दिल्या आणि वजन उतरवायला सांगितलं. त्याची बायको सगुणा पहाटेच मासळीच्या लिलावाला जाणारी. तिच्याने वेगळं रांधणं होईना. भीतभीतच ती जिना चढून वर आली.

"जाऊबाई, तोंड नाय मला तुमच्याकडं मागायला. पण तुमचं ते साधं जेवण... यांना दोन वेळ द्याल काय?"

"देईन," मंजुळा म्हणाली. इतक्या पटकन, की सगुणा दचकलीच.

त्या दिवशी देवापुढे मंजुळेने निरांजन लावलं आणि स्पष्टच सांगितलं, "दया म्हणून करत नाहीये. तुला खोटं सांगणार नाही."

आणि तिने कंबर कसली. पहिली थाळी बघून महेंद्रचं तोंड कडू झालं.

"हे काय वहिनी? गुरांचं खाणं?"

"गुरं पीत नाहीत हो, भाऊजी," मंजुळा मऊ आवाजात म्हणाली. "घ्या, आमटी निवेल."

तिला एक गोष्ट शिवरामच्या वेळेला कळलेली होती. दारूची हाक रिकाम्या पोटातून येते. म्हणून महेंद्रच्या पिण्याची वेळ व्हायच्या आत, दिवेलागणीलाच, ती त्याला जेवायला बसवायची. भाकरी, भरपूर भाजी, आमटी, ताकाचा पेला. पोट भरलं की हाक निम्मी. उरलेल्या निम्म्यासाठी ती त्याला खाडीपर्यंत चालत पाठवायची, आणि त्याच्या मागे सगुणाला. पापलेट तळायचं नाही, हळद-कोकम लावून वाफवायचं. नारळ चिमूटभर. भात फक्त दुपारी, तोही वाटीत. तो चिडला, थाळी सरकवली, तर ती शांतपणे थाळी झाकून ठेवायची. भूक लागली की तो स्वतःच झाकण उघडायचा. त्याचा तो पडलेला चेहरा बघताना तिला आत कुठेतरी गोड लागायचं, आणि ते गोड लागणं ती देवापासूनही लपवत नव्हती.

महेंद्र उतरू लागला. आधी चेहऱ्यावरची सूज गेली, मग पोट. सदरे खुंटीवर टांगल्यासारखे दिसू लागले. टेंपोत एकटा चढला तेव्हा बाजारात बायकांनी शिट्ट्या मारल्या. "काय रं महेंद्रा, दुसरं लगीन करतो काय?" सगळा वाडा म्हणू लागला, मंजुळावहिनी म्हणजे देवमाणूस, मोठा गेला तरी धाकट्याला वाचवलं. मंजुळा ऐकून घ्यायची आणि मेथी निवडत राहायची.

गटारीला मात्र घात झाला. महेंद्रचा मित्र सुदेश त्याला "नुसतं बसायला" म्हणून घेऊन गेला. परत आला तो जिन्याच्या कठड्याला धरून. मंजुळेच्या दारातच बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"वहिनी, मी नालायक माणूस. तुम्ही मला घास भरवता, आणि मी... वहिनी, त्या हळदीला मी शिवादादाच्या..."

"थांबा," मंजुळा म्हणाली. एवढा मोठा आवाज तिचा कुणी ऐकला नव्हता. "आज एक शब्द बोलायचा नाही."

"पण मला सांगायचंय..."

"आज बोललेलं धरत नाहीत, भाऊजी. झोपा जा."

त्याला ती क्षमा वाटली. तो तिच्या पाया पडायला वाकला आणि तिने पाय मागे घेतले. तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली. ज्या शब्दासाठी ती इतके महिने चुलीपाशी उभी होती, तो दारात येऊन वाया जाता जाता राहिला होता. सकाळी तिने त्याला तांदळाची पातळ पेज दिली आणि दुपारपासून पुन्हा तीच थाळी. सुदेश पुढच्या वेळी दिसला तेव्हा तिने त्याला जिन्यातच गाठलं. "सुदेशभाऊ, पुन्हा याला घेऊन गेलात तर तुमच्या बायकोसमोर येऊन बसेन. बोलणार काही नाही. नुसती बसून राहीन." सुदेश तिच्या शिव्यांना घाबरला नसता; तिच्या बसण्याला घाबरला.

महेंद्र परत रुळावर आला, आणि या वेळी टिकला. पालखी जवळ आली तशी सगुणा हसत वर आली.

"जाऊबाई, बायका बोलल्या. औंदा नैवेद्य तुम्ही रांधा. झालं गेलं सगळी विसरली."

मंजुळेचा हात पोळपाटावर थांबला. "काय विसरली?"

"ते... दादांचं. आये बोलली होती ते."

"म्हणजे मी त्यांना उपाशी मारलं, आणि आता वाड्याने मला माफ केलं. असंच ना?"

सगुणाचं हसू ओसरलं.

"सांग बायकांना, मी रांधणार नाही. न केलेल्या पापाची माफी नको मला."

त्याच दुपारी महेंद्र जेवायला आला. जेवला, थाळी पुसून खाल्ली, आणि ढेकर देऊन म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? डॉक्टर बोलला, लिव्हर सुधारतंय. तुम्ही मला दुसरा जन्म दिलात. सांगा, काय देऊ तुम्हाला?"

मंजुळेने ताकाचं भांडं बाजूला ठेवलं आणि त्याच्या समोर खाली बसली.

"आज पोटात काय आहे, भाऊजी?"

"तुमचीच भाकरी."

"आणखी काही?"

"देवाशपथ, नाय."

"डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे की. का?"

"मग आता सांगा. तेराव्याला मांडवात काय बोललात?"

महेंद्रचा चेहरा उतरला.

"वहिनी, तेव्हा मी प्यायलेलो..."

"म्हणून तर थांबले. आज प्यायलेले नाही आहात."

त्याने ताट बाजूला सरकवलं. मग बोलला, तुटक. दादा कोपऱ्यात कोल्ड्रिंक घेऊन बसला होता. सगळे त्याला चिडवत होते. गंमत म्हणून ओतली. दादाने अर्धा ग्लास संपवल्यावर ओळखलं, आणि ग्लास खाली ठेवला नाही. माझ्याकडे बघत राहिला फक्त.

मंजुळेने डोळे मिटले. "मी कोल्ड्रिंकच प्यायलो गं." पहिल्या अर्ध्या ग्लासापुरतं तरी ते खरं होतं, आणि तिने तोंड फिरवलं होतं. महेंद्रने तिचा नवरा नेला होताच. नवऱ्यावरचा तिचा शेवटचा विश्वासही त्यानेच नेला होता.

"झालं वहिनी. सांगितलं मी," महेंद्र डोळे पुसत म्हणाला. "हलकं वाटलं."

"मला ठाऊकच होतं. मला सांगून काय उपयोग? दिव्याला जा. आईंना सांगा. शुद्धीत, दिवसाउजेडी, नणंदेच्या समोर."

तो हबकला. "आये मरेल, वहिनी! एवढा एकच पोर राहिलोय मी तिला."

"मरायच्या नाहीत. मुलगा गेला तेव्हा नाही मेल्या."

"ती माझं तोंड बघणार नाय. माझ्या हातचं पाणी नाय पिणार!"

"नाही पिणार," मंजुळा म्हणाली. तिचा आवाज देवघरातल्यासारखा हळू होता. "ते कसं असतं, ते तुम्हाला कळायला हवं."

महेंद्र तिच्याकडे नवी ओळख झाल्यासारखा बघत राहिला. "म्हणजे हे सगळं... भाकऱ्या, भाज्या, गटारीनंतरची ती पेज... हे यासाठी?"

"हो."

"माझ्यासाठी काहीच नव्हतं?"

मंजुळेने विचार केला. खोटं बोलायचं नाही, हाही तिचा नेमच होता.

"नाही, भाऊजी. तुम्ही जगलात, बरं झालं. पण तुम्ही शुद्धीवर यावं म्हणूनच जगवलं."

तो उठला. थाळी उचलून मोरीत नेली, धुतली, पालथी घातली. हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. दाराशी थांबून पाठमोराच म्हणाला, "पालखीच्या आधी जाईन. शब्द देतो."

"शुद्धीत देताय," मंजुळा म्हणाली. "मी धरीन."

दोन दिवस त्याने दोन्ही वेळची थाळी रिकामी केली आणि धुऊन पालथी घातली. सुदेश त्याला कोपऱ्यावर हाक मारून गेला. तो खिडकीतून हलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा गच्चीवर पाखरांना दाणे टाकत होती. खाली कडी वाजली. महेंद्र बाहेर आला. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. ओट्यावर टोपली लावत बसलेल्या सगुणाने विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं?"

"आयेकडं."

"थांबा, मी पण येते. तिला बोंबील..."

"नको. एकट्यालाच जायचंय."

त्याने वर बघितलं नाही, आणि मंजुळेने हाक मारली नाही. चपला घालून तो गल्लीतून स्टेशनच्या दिशेने चालू लागला.