गिळलेलं वर्ष

"या जंगलातल्या बाकीच्या अकरा चकत्या एक सांगतात आणि ही एकटी दुसरंच," भिंगावरून डोकं काढत सर म्हणाले. "जुन्या आगींचं प्रत्येक साल एका वर्षाने अलीकडे आलंय. हे कसं काय?"

धाकटीने मोजणीची वही पुढे ओढली. पलीकडच्या टेबलावर थोरली दुसरी चकती घासत होती. तिचा हात थांबला नाही. उलट जरा सरसरच चालला.

घरी दोघी जावा, आणि इथे, जंगलातल्या आगींचा इतिहास शोधणाऱ्या प्रयोगशाळेत, एकाच खोलीत कामाला. मेलेल्या झाडांच्या बुंध्यांच्या आडव्या चकत्या इथे यायच्या. जाड्याभरड्यापासून मऊ घासकागदापर्यंत घासून त्या लेकराच्या गालासारख्या करायच्या आणि सालीकडून आत वलयं मोजत जायचं. एक वलय, एक वर्ष. आग बुंध्याला चाटून गेली की त्या वर्षाच्या वलयावर काळा व्रण उरतो. झाड पुढची वर्षं त्याच्यावर पांघरत राहतं. थोरली बावीस वर्षं ही पांघरुणं उलगडत होती.

दोन वर्षांपूर्वी तिनेच सरांकडे शब्द टाकून धाकटीला आणलं. शिकवलंही तिनेच, स्वतः जुळवलेल्या ओळींतून. 'पाऊस बरा, वलय रुंद. पाऊस रुसला, वलय मंद.' धाकटी हसत हसत पाठ करायची. वर्षभरात तिची नजर अशी बसली की सर थोरलीच्या देखत म्हणाले, "यांचे डोळे म्हणजे सोनं आहे." बावीस वर्षांत थोरलीच्या डोळ्यांना कुणी पितळसुद्धा म्हटलं नव्हतं.

मग ही मोठी चकती आली. तीनशे वर्षांचं झाड, नऊ आगी सोसलेलं. थोरलीने तीन दिवस खांदा मोडेस्तोवर घासली, आणि सरांनी ती उचलून धाकटीपुढे ठेवली. "मोजणी तुम्ही करा. आगींच्या नकाशावर तुमचं नाव घालू."

घासतानाच थोरलीला दिसलं होतं. सालीकडून दुसऱ्या व्रणापाशी दोन वलयं एकमेकांत विरघळली होती. मधलं एक वर्ष गायब. धाकटीला सगळ्या ओळी शिकवल्या होत्या तिने, एक सोडून. ती ओळ ओठांवर आली आणि तिने ती गिळली. पोटात निखारा असला की काहीही गिळता येतं.

"परवा वनखात्याची बैठक आहे," सर सांगत होते. "किती वर्षांनी मुद्दाम लहान आग लावायची, ते ठरायचंय. लहान आग वेळेवर पाचोळा खाऊन गेली, तर मोठीला खायला काही उरत नाही. पण मोजणीच कच्ची असेल तर मी कुठल्या तोंडाने सांगू? आजचा दिवस बघा. नाहीतर ही चकती बाजूला ठेवू, आणि तुम्ही तूर्त घासकामच करा."

सर गेले. धाकटीने पुन्हा मोजलं. आणखी दोनदा मोजलं. आकडा हलेना.

"ताई, माझे डोळे बिघडलेत का हो?"

"चष्मा कर. सोन्याच्या काड्यांचा."

धाकटी हसली नाही आणि चिडलीही नाही. "मला जमणारच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही शब्द टाकलात माझ्यासाठी, आणि मी तुम्हालाच खाली पाहायला लावलं."

थोरलीला हेच हवं होतं ना? मग कागदावरचा हात जड का झाला, ते तिलाच कळेना. धाकटीने जाडा कागद घेतला आणि पुन्हा घासायला चकती ओढली. व्रणाची कड आधीच भुसभुशीत झालेली. एका रट्ट्यात उडाली असती.

"थांब. ठेव तो कागद."

"का?"

"'भाजल्या कुशीवर झाड रुसतं, एखादं वर्ष गिळून बसतं.'" थोरली चकतीकडे बघत म्हणाली. "जखमेच्या बाजूने मोजू नये. फिरव. व्रण नाही त्या पाठीकडून मोज."

धाकटीने चकती फिरवली. टाचणीचं टोक एकेका वलयावरून पुढे सरकत गेलं आणि एका जागी थबकलं. केसाएवढं बारीक वर्ष होतं तिथे.

"सापडलं," ती हळूच म्हणाली. मग टाचणी खाली ठेवली. "ही ओळ मला नव्हती सांगितलीत."

"नव्हती."

"आत्ता सुचली?"

खोटं बोलायला जागा होती. थोरलीने ती घेतली नाही. "तू यायच्या आधीपासून आहे."

संध्याकाळी सर आले, तेव्हा धाकटीनेच सांगितलं, "ताईंनी दाखवलं." सर खूश झाले. बावीस वर्षांनी म्हणाले, "असं असेल तर नकाशावर आधी तुमचं नाव." थोरलीने मान हलवली. घास तोंडात आला, पण चव गेली होती.

दुसऱ्या दिवशी नवी चकती आली. धाकटीने ती आपणहून फिरवून पाठीकडून मोजायला घेतली. थोरली घासलेली दुसरी चकती ठेवायला तिच्या टेबलापाशी गेली, तेव्हा धाकटीने मान वर केली नाही. फक्त डावा तळवा पसरून वहीतलं मोजणीचं पान झाकून घेतलं.

थोरलीने चकती कडेला ठेवली, तिच्यावरचा भुसा पदराने पुसला आणि आपल्या जागी परतली.