वनमालाबाईंचा पितळी डाव

लाटणं मोर्चात वनमालाबाई सगळ्यांत पुढे. महागाईच्या नावानं असा शंख करायच्या की हवालदारसुद्धा बाजूला व्हायचे. पण घाटकोपरच्या दोन खोल्यांत ह्याच बाई सुनेला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवायच्या. भाताचा पितळी डाव दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या सासूची शिस्त. सासू गेली, शिस्त राहिली.

सून लता अंधेरीला रेडिओच्या कारखान्यात कामाला होती. त्यात पोटुशी. एका संध्याकाळी भुकेनं कासावीस होऊन तिनं टोपातला भात स्वतःच वाढून घेतला. "पुरुष जेवले नाहीत अजून, शरम नाय गो तुका?" म्हणत बाईंनी तिच्या पुढ्यातलं ताट ओढलं. लता रडली नाही, की भांडली नाही. सकाळी पिशवी भरून चेंबूरला आईकडे निघून गेली. मुलगा सहदेव तिला आणायला गेला आणि हात हलवत परत आला. बाई म्हणाल्या, "येईल झक मारत!" ती आली नाही.

अशात महिला मंडळानं एक जपानी बाई बोलावली. वनमालाबाई गेल्या त्या निव्वळ गंमत बघायला. शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवत जपानी बाई बोलायची आणि मंडळाची अनुपमा ते मराठीत सांगायची. लढाईत हरलेला देश, रेशनवर धान्य नाही, बायकांना तेव्हा कुठे मताचा हक्क मिळालेला. मग पडद्यावर बायकांचा मोर्चा आला. हातात भात वाढायचे हे एवढाले लाकडी डाव! "बघ गो बघ, आपल्याच बहिणी!" बाईंनी शेजारणीला कोपर मारलं.

अनुपमा पुढे सांगू लागली, "त्यांच्याकडे घरात भात वाढायचा मान सासूचा. एक दिवस सासू तो डाव सुनेच्या हाती देते, की घर सुनेचं झालं. ह्या बाई म्हणतात, रस्त्यावर डाव नाचवणं सोपं होतं हो. घरात तो हातातून सुटायलाच फार वर्षं लागली."

हॉल हसला. ताट ओढलं तेव्हा लताच्या हातात घास तसाच राहिला होता, तो वनमालाबाईंना आत्ता दिसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव चिंचेनं लख्ख घासला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बसनं चेंबूर गाठलं. दार लतानंच उघडलं. बाईंनी पुडकं तिच्या हातात दिलं. "घे. आता तू वाढायचं. माझं चुकलं गो बाय. घरी चल."

लतानं कागद सोडला, डाव निरखला. मग स्टोव्हवरचा टोप उतरवला, दोन ताटं मांडली आणि त्याच डावानं गरम भात वाढला, आधी सासूला, मग स्वतःला. लग्न होऊन आल्यापासून दोघी पहिल्यांदाच समोरासमोर जेवल्या. आशा वेडी असते, बाईंनी ताटात शीतसुद्धा ठेवलं नाही.

जेवण झाल्यावर लतानं डाव घासला, पुसला, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाईंच्या पिशवीत ठेवला.

"बसला गर्दी व्हायच्या आत निघा, आई," ती म्हणाली. "इथे मला भूक लागली की मी जेवते."