गोठा चुकत नाही

हरिश्चंद्रशेट भाडेकरू पारखायचा तो तोंडावरून नव्हे, हंड्याकळशांवरून. बिऱ्हाडाचं सामान उतरत असलं की हा बाबा कमरेवर हात ठेवून पुढ्यात हजर. कळशी लखलखीत दिसली की, "या, या, आपलंच समजा." बुडाला कीट दिसलं की खोली नेमकी कालच कोणालातरी दिलेली असायची. रत्नागिरीत मांडवीच्या वाटेवर त्याची चिऱ्याची लांबलचक चाळ होती, आणि चाळीच्या तोंडाशी त्याचं स्वतःचं घर. मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी मथुरा, ती लग्नानंतर वर्षा-दीड वर्षातच पांढऱ्या कपाळानं परत आलेली. आपल्यामागे चाळ हिलाच राखायची आहे म्हणून शेट तिला हाताशी धरून शिकवायचा.

"भिंतीत खिळा ठोकू द्यायचा नाही, मथुरे. आज खिळा, उद्या फळी, परवा फळीवर देव. देव बसले की भाडेकरू उठत नाही. रहाट आपल्या दारासमोर हवा. कोणी कितीही भांडला तरी पाणी आपल्या डोळ्यांसमोरूनच नेणार. नातेवाइकाला खोली द्यायची नाही, रडला तरी. सणाला बोलावलं तर जायचं, पण खायचं नाही. खाल्लं की दुसऱ्या दिवशी भाडं मागायला तोंड उघडत नाही आपलं."

मथुरा मान डोलवायची. कमी बोलायची ती. बिचारीच्या डोक्यात किती शिरतंय देव जाणे, असं शेटला वाटायचं.

पण सगळ्यांत मोठा धडा होता मरणाचा. पंचकात, त्या पाच अशुभ दिवसांत, माणूस गेलं की घर सोडायचं, कुलूप घालायचं, महिनोन्महिने तिथे दिवा लावायचा नाही, ही रीत. आणि एकदा असं कुलूप लागलेली खोली मागाहून घेतो कोण? म्हणून शेटचा नियम रोखठोक होता. कोणी घरघरायला लागलं की त्याला मागच्या गोठ्यात न्यायचं. "माझ्या चाळीत जन्माला खुशाल या," तो म्हणायचा, "मरायला दुसरीकडे जा." आणि वर हसायचा, मेला.

मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला त्या साली शेवटच्या खोलीतला धाकू तांडेल आजारी पडला. जन्मभर गलबतावर उघड्यावर झोपलेला म्हातारा. त्याचं एकच मागणं होतं, जाताना डोक्यावर छप्पर असावं. त्याची बायको काशी शेटच्या पायांवर पडली.

"शेटनू, सारी हयात आभाळाखाली निजला हो तो. आता तरी आढ्याकडं बघत जाऊं दे."

"आढं माझं आहे, काशी."

भटजींना बोलावलं होतं. त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "पंचक उद्या दुपारी लागतंय, शेट. आज काही दोष नाही. असू दे आत."

"भटजी, पंचांग चुकतं," शेट म्हणाला, "गोठा चुकत नाही."

चौघांनी बाजलं उचललं. पौषातले दिवस. गोठ्याला भिंत एकाच बाजूला, बाकी तिन्हीकडून झावळ्या, आणि खाडीवरचा वारा सरळ आत. दिवेलागणीला म्हातारा गेला. पंचक लागायला अजून अख्खी रात्र होती. खोलीत गेला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं हो? पण शेट निवांत पानाला चुना लावत बसलेला.

"बघ, खोली कशी स्वच्छ राहिली," तो मुलीला म्हणाला.

मथुरेनं त्या दिवशी एकदाच तोंड उघडलं. "बाबा, आपल्या घरातलं माणूस असलं तर?"

शेट खूष झाला. पोरीला अक्कल आहे तर! "घर कसलं गं? जे भाड्यानं देता येतं ती खोली. त्यात आपलं-परकं नाही."

पुढे चारेक वर्षांनी एका सकाळी रहाटापाशीच शेटच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, शुद्ध तेवढी राहिली. आदल्याच आठवड्यात त्यानं आपल्या घराचा पुढचा भाग, ओटी आणि माजघर, कोर्टातल्या एका शिरस्तेदाराला भाड्यानं ठरवून टाकला होता. माजघरात पडल्या पडल्या तो आढं बघायचा. ते आढं त्यानं स्वतः पसंत केलं होतं, सुताराशी दोन दिवस हुज्जत घालून. इथेच डोळे मिटावेत, एवढंच आता त्याच्या जिवात उरलं होतं.

तिसऱ्या दिवशी श्वास घरघरू लागला. उंबऱ्याशी भटजींचा आवाज आला.

"पंचकाला अजून पाच दिवस आहेत, मथुरे. आजचा दिवस चांगला आहे. राहू दे बाबांना आत."

शेटनं डोळे मिटले. देव पावला, त्याला वाटलं.

"शिरस्तेदार परवा सामान आणतायत," मथुरा शांतपणे म्हणाली. "आणि भटजी, पंचांग चुकतं. गोठा चुकत नाही."

शेटच्या तोंडून नुसता घशातला आवाज निघाला. त्यानं डाव्या हातानं बाजल्याशेजारच्या दाराची चौकट धरली. मथुरेनं एकेक बोट सोडवलं, हळूच, नखाला लागू नये अशा बेतानं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि रागही नव्हता. शिकवलेलं नीट पार पाडताना माणूस जसं असतं तशी ती होती. चौघांनी बाजलं उचललं. नजरेतून आढं सरकलं, मग ओटी, मग उघडं आभाळ.

गोठ्याचा कोपरा काशीनं आधीच सारवून ठेवला होता. मथुरेनंच सांगितलं होतं तिला. माणसं निघून गेल्यावर काशी बाजल्याशी वाकली, शेटच्या गळ्यापर्यंत घोंगडी ओढली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी वळवलं.

"भिंतीकडं तोंड करा, शेटनू," ती म्हणाली. "वारा कमी लागतो. आमच्या तांडेलाला तसंच बरं वाटलं होतं."