परक्या आवाजातला सयाजी

मित्रांनो, पिंपरीतल्या एका गोदामात, मोडक्या खुर्च्यांमागे पडलेला मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पडद्यावर सिनेमा दाखवणे हे माझे काम. आगबोटीतून मुंबईला उतरलो आणि सरकारच्या प्रचारगाडीत बसलो, तेव्हा माझा पत्रा आरशासारखा चमकत असे. मला चालवणारे नूरमोहम्मद मला लेकरासारखे पुसत.

ती पंचवार्षिक योजनेची वर्षे होती. उतारावर माती अडवणारे बांध, म्हणजे ताली घाला, खतासाठी खड्डे खणा, लोखंडी नांगर वापरा, असे सांगणारे छोटे बोलपट आम्ही खेड तालुक्यात गावोगाव दाखवत असू. देवळासमोर पांढरा पडदा ताणला, की लोक पोती अंथरून बसत. माझ्या उजेडातला शेतकरी नेहमी हसतमुख असे. त्याचा फेटा कोरा असे आणि पाऊस अगदी वेळेवर येई.

त्यातला एक बोलपट चाकणजवळच्याच एका वाडीत घेतला होता. तिथल्या सयाजीच्या उतारावरच्या रानात नव्या ताली पडल्या होत्या. कॅमेरावाले आले, सयाजीचे चित्र घेऊन गेले. पुढच्या हिवाळ्यात विषमज्वराने सयाजी गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

म्हणून आमची गाडी त्या वाडीत आली, तेव्हा त्याची बायको रंभा सर्वांत पुढे बसली होती. पडद्यावर सयाजी आला. हातात बैलांचा कासरा, तोंडाने काही बोलत होता. तेवढ्यात माझ्या कर्ण्यातून एक शहरी, भारदस्त आवाज घुमला, "योजनेमुळे सुखी झालेला हा शेतकरी सरकारचे आभार मानीत आहे."

खेळ संपला, लोक पोती झटकून उठले. रंभा मात्र आमच्यापाशी आली.

"भाऊ, त्ये बोलत्यात, पन आवाज दुसऱ्याचा हाय."

नूरमोहम्मदांनी तिला समजावले, की त्याचा आवाज घेतलाच नव्हता. मागाहून मुंबईत कुणा साहेबांचा चढवला. ती तिथून हलली नाही. तेव्हा त्यांनी रीळ उलटे गुंडाळले, आवाजाची कळ पार बंद केली आणि मला पुन्हा सुरू केले. नुसती माझी घरघर राहिली. सयाजीचे ओठ हलू लागले आणि त्यांच्याबरोबर रंभा हळूच म्हणाली,

"रंभे, ऊन लई हाय. सावलीला बस जरा."

चित्र घेतले त्या दिवशी ती भाकरी घेऊन कॅमेऱ्यामागे उभी होती. तो तिच्याशीच बोलत होता. घराकडे निघालेली माणसे जागीच थांबली. नूरमोहम्मदांनी न विचारताच रीळ आणखी एकदा लावले.

पुढे योजना बदलली. नवे बोलपट आले, जुने मुख्य कचेरीत परत गेले. चाकणच्या बाजारात आमची गाडी दिसली, की रंभा चौकशीला येई. नूरमोहम्मदांनी पुष्कळ विनंत्या केल्या, पण ते रीळ काही आले नाही. मग माझ्या जागी नवे यंत्र आले आणि मी या गोदामात.

मित्रांनो, मला तेलपाणी केलेत तर मी अजून चालेन. पण माझे राहू द्या. एखादे जुने रीळ हाती लागले, तर फेकण्याआधी एकदा उजेडासमोर धरा. त्यात कुणाचे तरी माणूस असते.