हाऊ फार अलाँग?

चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कस्तुरा पॅकिंगला होती. डिस्पॅचचा माणूस अचानक काम सोडून गेला, तेव्हा मालक विलासरावांनी त्याचं टेबल आणि फोन तिच्या ताब्यात दिला.

"इंग्रजी जमेल ना?"

"जमेल की," ती म्हणाली. कामापुरतं तिला येतही होतं.

माल जायचा पाच किलोमीटरवरच्या एका मोठ्या कंपनीत. तिथला मॅनेजर पीटर इंग्लंडहून आलेला. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "कस्तुरा, हाऊ फार अलाँग आर यू?"

फार म्हणजे लांब, हे तिला शाळेपासून पाठ होतं. "फाइव्ह किलोमीटर, सर."

"लव्हली!" म्हणत त्याने फोन ठेवला. गाडी जवळ आली असं समजून माल उतरवायला माणसंही गेटवर उभी केली. इकडे मालातले निम्मे लोखंडी ब्रॅकेट अजून रंगायचे होते.

दुपारी विलासराव तणतणत आले. "अहो ताई, काम कुठवर आलं, असं विचारत होता तो! तुम्ही त्याला अंतर कसलं सांगता?"

"फार म्हणाला ना तो."

"म्हणाला म्हणून काय झालं?"

शेजारच्या टेबलावरची साक्षी खुदकन हसली. कस्तुराचे कान तापले. शब्द नीट ऐकला, माहीत असलेला अर्थ लावला, उत्तरही खरं दिलं. तरी चूक तिचीच.

घरी भाकऱ्या थापतानाही तेच डोक्यात घोळत होतं. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंनी, शालनबाईंनी, हाक मारली, "कस्तुरा, सैपाक कुठवर आला गं?"

"पाच किलोमीटर!" ती खेकसली.

शालनबाई दारात येऊन बघतच राहिल्या. आणि कस्तुराचा हात परातीत थांबला. कुठवर! आपणही असंच विचारतो की. स्वयंपाक काय रस्त्याने चालत येतो? पण त्याने तिचा राग निवला नाही, उलट वाढला. इतकी साधी गोष्ट शाळेत एकाही मास्तरांनी सांगू नये?

सोमवारी पुन्हा फोन. "आर यू फार ऑफ?"

या वेळी तिने अंदाज बांधला नाही. "सर, रोड ऑर वर्क?"

साक्षीने मान वर केली.

"वर्क," पीटर म्हणाला.

"वर्क हाफ. गाडी टुमॉरो मॉर्निंग."

"थँक्यू. दॅट्स ऑल आय नीड."

त्यानंतर प्रत्येक फोनवर ती हाच प्रश्न आधी विचारायची. विलासरावांना ते कमीपणाचं वाटे, पण गेटवर पुन्हा कुणी ताटकळलं नाही.

महिन्याभराने पीटर स्वतः रंगकाम बघायला आला. जाताना तिच्या टेबलाशी थांबला. "यू हॅव कम अ लाँग वे, कस्तुरा."

सगळे बघत होते. तोंडावर उलट विचारायचा तिला संकोच वाटला. "येस सर. काळेवाडी. टू बस."

पीटर मनापासून हसला, तिचा हात हातात घेऊन हलवला आणि गाडीत बसून गेला. विलासरावांनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, तुम्ही खूप प्रगती केलीत, असं म्हणत होता तो!"

कस्तुराने गेटकडे पाहिलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

"मग सरळ तसं म्हणायला काय झालं होतं त्याला?" ती म्हणाली आणि तणतणत लेबलं लावायला बसली.