चार तासांचं अंतर

दोन शहरांमध्ये रस्त्याने चारशे वीस किलोमीटर, साडेसहा तास. विमानाने पन्नास मिनिटं. दोन्हीकडची विमानतळापर्यंतची धाव धरली तर पावणेदोन तास. शरीराबाहेर काढलेलं हृदय चार तास टिकतं. रुग्णालयाच्या प्रत्यारोपण विभागात या आकड्यांचा मेळ घालणं हे माझं काम.

त्या दिवशी हृदय दुसऱ्या शहरातून यायचं होतं आणि तिकडची धावपट्टी दुरुस्तीसाठी अकरा ते तीन बंद राहणार होती. "अर्धा तास पुढे ढकलू," तिथला अधिकारी म्हणाला, "पण साडेदहाच्या आत सांगा. एकदा खोदायला घेतलं की पाखरूसुद्धा उडणार नाही."

दहा वाजून पाच मिनिटांनी मी तिकडच्या तंत्रज्ञाला फोन लावला. हृदयाची पेटी तोच विमानापर्यंत नेणार होता.

"निघालात का?"

"निघालोच, ताई! किती मागे लागाल? अशानं माझंच हृदय पेटीत घालावं लागेल."

"तुमचं नको. चहानं जळलंय ते."

मी हसत फळ्यावर लिहिलं : निघाले, १०.०५. विमानतळाला कळवलं, वेळ वाढवायला नको. पावणेअकराला, पेटी विमानात चढली असणार या हिशेबाने, आमच्या एकोणीस वर्षांच्या रुग्ण मुलीला भूल दिली गेली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन आला.

"ताई, विमानतळाचं फाटक बंद आहे."

"एवढा वेळ होतात कुठे?"

"कुठे म्हणजे? हृदय काढलं दहा वीसला, पेटी हातात आली दहा पस्तीसला. लगेच निघालो."

"तुम्ही तर दहालाच निघाला होतात."

"निघालोच म्हणालो, ताई. निघालो नाही म्हणालो."

त्या एका 'च'मध्ये अर्धा तास होता. आंघोळीला जाता जाता मीही लोकांना 'पोचलेच' म्हणते. विमानतळावर विनवण्या केल्या. धावपट्टी उकरायला घेतली होती.

मुलीचे वडील शस्त्रक्रियागृहाबाहेर उभेच होते. सव्वीस वर्षं टँकर चालवलेला माणूस.

"काका, विमान उडणार नाही. वेळ मी चुकीची धरली."

माझ्या चुकीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. "मग गाडीनं आणा."

"साडेसहा तास लागतात."

"कोण म्हणतं? रस्ता तोंडपाठ आहे मला. भोंगा लावून सोडली तर पाच." त्यांनी बोटांवर घाट मोजला, पूल मोजला. "पावणेपाच, बाई. चालवणारा हवा."

"चार तासांत बसवून व्हायला हवं, काका. त्यातला पाऊण तास गेलाय."

ते पुन्हा बोटांवर मोजू लागले. मग एकदम म्हणाले, "ते तिकडून निघू देत. मी इकडून निघतो. मधेच गाठतो त्यांना."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्यांना गणित कळलं होतं; त्यांचे ओठ हलले आणि थांबले. अर्ध्या वाटेवर गाठलं तरी उरलेली अर्धी वाट पेटीलाच यायची होती.

"दुसरं मिळेल?"

"यादीत नाव आहेच." डॉक्टरांनी तिला आठवडा दिला होता. त्यांना ते माहीत होतं.

"भूल कधी उतरेल?"

"तासाभरात."

ते बाकावर बसले.

"जाग आल्या आल्या छातीवर टाके चाचपेल हो ती," ते म्हणाले.