पाणकाजळीभोवतीचा गडगा

भाद्रपदातले ऊन सड्यावर टिकत नाही. ते येते, काळ्या कातळाला कवटाळते, ढगाची सावली अंगावर येताच पळते आणि पुन्हा येते. वारा गवत विंचरतो आणि लगेच विस्कटतो. गावाच्या माथ्यावर पसरलेला हा जांभ्या दगडाचा विस्तीर्ण माळ, मेघश्यामल, तृणहरित, जलचंचल. त्याच्या खोलगटांत साठलेले पाणी सारखे थरथरत होते. सडा आज स्वस्थ नव्हता.

द्रौपदाही स्वस्थ नव्हती. उजाडल्यापासून ती घरातून अंगणात आणि अंगणातून घरात करत होती. चुलीवरचे दूध उतू गेले, ते तिला वासाने कळले. आज गौरीपूजन होते. आज तिच्या नव्या सुनेचा, प्रणालीचा, पहिला ओवसा होता. नव्या नवरीने सूप भरून गौरीपुढे जायचे, गौरीला ओवसायचे. आणि वाडीची रीत अशी की सुपात एखादे फळ कमी असले तर चालेल, पण पाणकाजळीचे एक तरी फूल हवे.

पाणकाजळी! नीलवर्णा, नखाएवढी, मध्ये काळा ठिपका. नुकतेच कुणी काजळ घालून सोडलेला डोळाच. सड्यावरच्या गौरीच्या तळीत, ओसरत्या पाण्याच्या काठाला ती फुलायची. दुसरीकडे कुठे फुलत नाही, असे वाडी म्हणायची, आणि वाडीने फारसे जग पाहिलेले नसले तरी या बाबतीत तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

एका पावसाचे तिचे आयुष्य. आषाढात अंकुर, भाद्रपदात फूल, आश्विनात बी, आणि मग काही नाही. मूळ उरत नाही, कंद उरत नाही. राईहून बारीक बी तेवढे उरते, आणि ते वैशाखाच्या तापल्या, तडकल्या मातीत निजून राहते. त्याला ती भाजणारी उन्हे लागतात, घोट्याएवढे पाणी लागते, पाणी ओसरल्यावर उघडा मऊ चिखल लागतो आणि डोक्यावर मोकळे आभाळ लागते. एवढेसे फूल, पण त्याचे नखरे माहेरी आलेल्या सासुरवाशिणीहून जास्त.

हे सगळे द्रौपदाला तेव्हा ठाऊक नव्हते. तिला फक्त माया ठाऊक होती, आणि तिची माया हात धुऊन मागे लागणारी होती.

मागे एकदा अशाच गौरीच्या दिवसांत ती फुले आणायला आली, तेव्हा तळीत लखू झोरेच्या म्हशी बसल्या होत्या. लखू वरच्या धनगरवाड्यातला. त्याच्या बापजाद्यांच्या म्हशीही याच तळीत डुंबत आल्या होत्या. पण त्या दिवशी एका म्हशीच्या जबड्यातून निळे फूल लोंबताना द्रौपदाने पाहिले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठी उगारून तिने म्हशी हाकलल्या. लखूला म्हणाली, "परत हितं दिसल्या तर एकेकीचे पाय मोडीन." लखूने म्हशी वळवल्या. त्या दिवसापासून दोघांत बोलणेच उरले नाही.

आणि पुढच्या उन्हाळ्यात द्रौपदाने गडगा घातला. दगडावर दगड, दगडावर दगड. हातांना फोड आले, फोड फुटले, तरी दगडावर दगड. तळीभोवती छातीएवढा गडगा उभा राहिला. आत जायच्या फटीत करवंदीची काटेरी फांदी. पहिल्या वर्षी तळी निळीशार झाली. वाडीने तिला डोक्यावर घेतले. दुसऱ्या वर्षी गवत दाटले आणि फुले विरळ झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ओंजळही भरली नाही. द्रौपदाने गडगा आणखी उंच केला.

आज ती सुनेला घेऊन फटीतून आत शिरली. कंबरेएवढे गवत. हिरवे, गर्द, मस्तवाल गवत. दोघी वाकल्या. द्रौपदा मुठीमुठीने पाती बाजूला सारत होती. खाली चिखल दिसत नव्हता, कुजक्या पात्यांचा थरावर थर दिसत होता. ऊन आले, गेले. वारा आला, गेला. निळे काही दिसले नाही.

"आई, नसेल तर नसू दे," प्रणाली हळूच म्हणाली. "माझा ओवसा पुढल्या साली करू."

"पुढल्या साली तरी कुठनं येल गो?" द्रौपदा म्हणाली. "बीच राहिलं नसलं तर?"

बोलून गेली आणि तिचे तिलाच भय वाटले. एका ओवशाची गोष्ट नव्हती ही. वाडीच्या सगळ्या लेकीसुनांनी ज्या फुलाने गौर पुजली, ते फूल या जगातून गेले असेल, तर ते कुणामुळे गेले? म्हशींमुळे? म्हशी तर केव्हाच्या बाहेर होत्या. तिला आत थांबवेना. करवंदीचे काटे लुगड्याला ओढत राहिले तरी ती बाहेर आली आणि गडग्याच्या कडेने भराभर चालू लागली, कुठे ते तिलाही माहीत नव्हते.

गडग्याबाहेरून म्हशींची वाट गेली होती. आत मज्जाव झाल्यापासून लखू म्हशींना वळसा घालून पलीकडच्या डबक्याकडे नेत असे. पावसात तळी भरून वाहिली की दगडांच्या सांदीतून पाणी या वाटेवर झिरपायचे. वाट तुडवलेली, चिखलाची, खुरांनी खळगे पडलेली होती. खुराखुरात पाणी साचले होते.

आणि एका खुरात पाणकाजळी होती.

द्रौपदा खुरापाशी बसली. पुढच्या खुरात आणखी एक. त्यापुढे दोन, शेजारी शेजारी, वाऱ्यात डुलणारी. उघडा चिखल, ओंजळभर पाणी, चरून खुरटलेले गवत आणि माथ्यावर मोकळे आभाळ. तिने ज्यांना हाकलले, त्यांच्याच पायाखाली तिचे फूल जगले होते. तिला हसू आले नाही. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, आणि तोही स्वतःच्या हाताने, फोड फुटेपर्यंत.

मागून आलेल्या प्रणालीचा हात फुलाकडे गेला. द्रौपदाने तिचे मनगट धरले.

"नको. तोडलंस तर बी धरायचं नाय."

"पण ओवसा?"

द्रौपदाने वाडीकडे पाहिले. खाली वाडीत गौर सजून वाट पाहत होती. इथे चिखलात चार निळे डोळे तिच्याकडे पाहत होते. तेवढ्यात घंटांचा आवाज आला. वाटेच्या टोकाला लखू उभा होता, खांद्यावर घोंगडी, मागे म्हशी. त्याने द्रौपदाला पाहिले आणि सवयीने म्हशी वळवायला काठी आडवी केली.

"लखू," द्रौपदाने हाक मारली. इतक्या वर्षांनी त्याचे नाव घेताना तिचा आवाज चिरकला. "वळवू नको. म्हशी आत घाल."

"आत? पाय मोडायचं ठरलंय काय, वैनी?"

"मोड माझेच." ती उठली. "चूक माझी झाली. तुझ्या म्हशी होत्या म्हणून फूल होतं. ह्या वाटेवर बी पिकू दे, आश्विनापतूर म्हशी हितनं नेऊ नको. तळीतनं ने."

लखूने खुरांतली फुले पाहिली. मग गडग्याकडे पाहिले. "वाट तर हवी आत जायला," एवढेच म्हणाला.

द्रौपदाने गडग्याचा वरचा दगड उचलला. मग दुसरा. तिचेच हात, तेच दगड. प्रणालीने पदर खोचला आणि तीही दगड ओढू लागली. लखूने काठी टाकली. दगडामागून दगड, दगडामागून दगड. म्हैस जाईल एवढे खिंडार पडले, तेव्हा द्रौपदाने मुठीएवढा एक दगड बाजूला ठेवला, तळीच्या पाण्यात धुतला आणि सुनेच्या ओंजळीत दिला.

"हा घाल सुपात. भटवाडीत खड्यांचीच गौर अस्ते. आपल्या गौरीला ह्या साली फुलाच्या जागी दगड चालंल. कुणी इचारलं तर माझं नाव सांग."

"काय सांगू?"

"सांग, सासूनं फुलाला कोंडलं हुतं. आता सोडलंय."

म्हशी एकामागून एक आत शिरल्या. गवत मोडले, पाणी ढवळले, काळा चिखल वर आला. द्रौपदाने तोंड फिरवले नाही. आत बी उरले होते की नाही, हे पुढच्या पावसाशिवाय कुणीच सांगू शकणार नव्हते. ओला दगड छातीशी धरून प्रणाली वाडीची वाट उतरू लागली. द्रौपदा खिंडारापाशी उभीच राहिली. ऊन आले, गेले, पुन्हा आले. म्हशी चालत गेल्या तिथे खूर उमटत गेले, खुराखुरात पाणी भरत गेले, पाण्यापाण्यात आभाळ उतरत गेले, उतरत गेले.